बोर्ड गेला, रॅम राहिली: कुडाळच्या एका एडिटिंग मशीनसाठी मदरबोर्डची निवड

कुडाळ तालुक्यातल्या एका गावातला हा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ. उन्हाळ्यात लग्नं आणि कार्तिकापासून पुढे जत्रा, असं त्यांच्या धंद्याचं वर्ष. जत्रा म्हणजे दशावतार: रात्री उशिरा उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालणार आणि दोन कॅमेरे तेवढा सगळा वेळ चालू राहणार. एका रात्रीचं चित्रण म्हणजे शेकडो गिगाबाइट. स्टुडिओ अण्णांचा. कॅमेरा तेच धरतात, संकलन त्यांची पुतणी करते. मी बाजारात मशीन जुळवून देतो आणि दुरुस्त करतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, परतीच्या पावसात, संध्याकाळी वीज कडाडली आणि त्यांचं मशीन बंद पडलं ते पडलंच. त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली होती. अण्णांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पैशे किती जातले ता मागीर सांग. जत्रेच्या आधी माका मशीन होया."

मशीन असं होतं: इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा (बोर्डावरची माहितीची ये-जा सांभाळणारी चिप) बोर्ड, डीडीआर४ पिढीची रॅम २६६६ वेगाची, ८-८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), एक साधी साटा एसएसडी आणि जुन्या कामांच्या दोन हार्ड डिस्क.

काय मेलं आणि काय वाचलं

नवीन बोर्ड निवडायच्या आधी काय काय वाचलंय ते नक्की करावं लागतं, कारण खर्चाचा आकडा त्यावरच ठरतो. आमच्याकडे पुष्कळदा उलट होतं. मशीन चालू होत नाही म्हटलं की दुकानदार "पूर्ण सेट बदला" म्हणतो, आणि चांगली रॅम, चांगला प्रोसेसर भंगारात जातो.

एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सुटा करून चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली. पंखा फिरला, मल्टिमीटरवर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बरोबर आले. बोर्डाला जोडल्यावर मात्र काहीच नाही. मग टॉर्च घेऊन बोर्ड पाहिला. लॅनच्या पोर्टमागे एक छोटी काळी चिप असते, नेटवर्कचा कंट्रोलर. तिच्या एका कोपऱ्याला खसखशीएवढा खड्डा होता आणि भोवतीचं हिरवं लेपण तपकिरी पडलेलं. जळका वास दोन दिवसांनीही येत होता. म्हणजे फटका विजेच्या लाइनमधून नव्हे, इंटरनेटच्या केबलमधून आला होता. कारणही दिसत होतं. केबलवाल्याचा डबा तिठ्यावरच्या खांबावर, आणि तिथून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल माडा-पोफळींवरून टांगत आणलेली. जवळपास वीज पडली की एवढ्या लांब तारेत दाब चढतो आणि तो थेट बोर्डात उतरतो.

रॅम दुसऱ्या मशीनमध्ये घालून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावली. एकही चूक नाही. प्रोसेसर माझ्याकडच्या जुन्या बोर्डावर चालू झाला. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, डिस्क सगळं शाबूत. गेला तो बोर्ड एकटाच.

बाजारात तेव्हा काय चाललं होतं

एरवी हे काम सोपं असतं. बोर्ड गेला तर नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, नवी डीडीआर५ रॅम अशी एक पिढी पुढची उडी मारायची आणि गिऱ्हाइकाला पुढची सहा-सात वर्षं मोकळं करायचं. दिवाळीपूर्वी मीही तोच सल्ला दिला असता. दिवाळीनंतर मात्र हिशेब फिरला.

जगातली बहुतेक डीरॅम (रॅममधल्या चिपा) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी एचबीएम मेमरी आणि सर्व्हरची रॅम यांत पैसा जास्त, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. त्यातही एचबीएमच्या एका गिगाबाइटला साध्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर (चिपा कोरायची सिलिकॉनची चकती) खर्ची पडते. राहिलेल्या मालावर सगळ्यांच्या उड्या. डीडीआर४ ची गोष्ट आणखी वेगळी: कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत होत्या, त्यामुळे तिचे भाव २०२५ च्या मध्यापासूनच चढायला लागले होते. पुढे डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. आयात मालावर तोही बोजा, आणि वर १८ टक्के जीएसटी आहेच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या व्यापाऱ्यांकडून मी माल मागवतो त्यांची कोटेशनं नोव्हेंबरात "आजच्या दिवसापुरती" येऊ लागली. दिवाळीआधी नऊ हजारांच्या आसपास मिळणारी ३२ जीबी डीडीआर५ ची जोडी वीस हजारांच्या पुढे सांगत होते. कोल्हापूरला विचारलं तर तिथेही तेच, वर "बोर्ड घेतलात तरच रॅम देतो" ही अट.

मदरबोर्डांचे भाव मात्र रॅमसारखे भडकले नव्हते. हजार-दीड हजारांचा फरक, तोही ठरावीक मॉडेलांत. लोक बोर्डाच्या किमतीवर घासाघीस करत होते आणि खरा खड्डा रॅमच्या ओळीत पडत होता. म्हणून अण्णांच्या बाबतीत मी प्रश्नच वेगळा मांडला: टेबलावर पडलेली ही १६ जीबी डीडीआर४ कुठल्या बोर्डावर चालेल? बोर्ड तिथून ठरवायचा.

पर्याय, एकेक करून

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त: एच३१० च्या जागी तसाच दुसरा बोर्ड. आय५-८४०० ला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो. सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) नाव एलजीए ११५१ असलं तरी जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर हा प्रोसेसर चालत नाही; त्या खड्ड्यात पडलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. ३०० मालिकेचे ब्रँडेड बोर्ड नवे मिळणं बंद झालंय. मिळतात ते वापरलेले, नाहीतर जुन्या चिपा काढून नव्या पाटीवर बसवलेले, नावगाव नसलेले. हिशेबाच्या मशीनला असा बोर्ड चालून जातो. रात्रीचं एकमेव चित्रण ज्या मशीनवर उतरवायचं तिथे तो घालायला माझा हात धजला नाही.

दुसरा, एएमडीचा एएम४. २०१७ पासूनचं हे सॉकेट अजून जिवंत आहे, रॅम डीडीआर४ च घेतं, आणि बी५५० चिपसेटचा बोर्ड व रायझन ५ ५६०० प्रोसेसर ही जोडी पैशाच्या मानाने फार चांगली. गेम खेळणाऱ्या मुलासाठी असतं तर चर्चा इथेच संपली असती. एक बारकावा सांगून ठेवतो. बी५५० वर पहिला एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते ती खाच) पीसीआयई ४.० वेगाने चालतो, पण ५६००जी सारखा ग्राफिक्सवाला प्रोसेसर घातला तर तो ३.० वर येतो, कारण त्या लेन (माहितीच्या वाटा) चिपसेटच्या नसून प्रोसेसरच्या असतात. खालचा ए५२० चिपसेट घेतला तर ४.० चा प्रश्नच येत नाही.

तिसरा, एएम५. हे सॉकेट २०२२ साली आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवू असं एएमडी म्हणते, म्हणजे भविष्य चांगलं. पण फक्त डीडीआर५. इंटेलच्या नव्या एलजीए १८५१ चंही तेच. या दोन्हींत आधी रॅमचे वीस हजार मोजायचे आणि हातातली चांगली रॅम ओएलएक्सवर टाकायची. दोन्ही बाद.

पुतणीने यूट्यूबवर एएम५ च्या चिपसेटांबद्दल बरंच पाहून ठेवलं होतं. तिने विचारलं, "दादा, बी८४० हा आकडा बी६५० पेक्षा मोठा, मग तो बोर्ड खालच्या दर्जाचा का म्हणतात?" प्रश्न बरोबर होता. बी८४० च्या चिपसेटमधून निघणाऱ्या लेन पीसीआयई ३.० च्या आहेत आणि त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येत नाही. जुना बी६५० या दोन्ही बाबतींत वरचढ. उलट बी६५० आणि बी८५० यांच्या आत चिप एकच आहे. बी८५० ला निदान एक एम.२ पीसीआयई ५.० चा द्यावाच लागतो, बी६५० ला ते बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं, एवढाच मुख्य फरक. नाव ठेवणाऱ्यांना मोठा आकडा विकायचा असतो.

चौथा पर्याय इंटेलचा एलजीए १७००, म्हणजे बारावी, तेरावी, चौदावी पिढी. या सॉकेटची गंमत अशी की त्याचे बोर्ड दोन्ही रॅमचे निघाले, काही डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे. आमची रॅम इथे बसत होती. पण एएम४ सोडून इकडे वळण्याचं कारण रॅम नव्हतं, कॅमेरा होता.

कॅमेऱ्याने बोर्ड ठरवला

अण्णांचा कॅमेरा सोनीचा. ते ४के चित्रण एक्सएव्हीसी एचएस मध्ये (सोनीचा एचईव्हीसी प्रकार), १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं) करतात. दशावतारात राजाचा भरजरी पोशाख, चेहऱ्यावरचा रंग, मागे काळोख आणि समोरून झगझगीत एलईडी. रंग नंतर सावरायला ४:२:२ चा उपयोग होतो. पण ही एचईव्हीसी (घट्ट दाबून साठवलेली) फाइल उलगडणं प्रोसेसरला जड जातं. जुन्या मशीनवर टाइमलाइन अडखळायची, म्हणून पुतणी आधी सगळ्याच्या प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) बनवायची, आणि एका नाटकाच्या प्रॉक्सीत अख्खी दुपार जायची.

या प्रकारची एचईव्हीसी ४:२:२ फाइल हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हीडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत दिली. त्यांची जीटीएक्स १६५० ४:२:० उलगडते, ४:२:२ नाही. रायझनकडे ही सोय नाही. म्हणजे बी५५० आणि रायझन घ्यायचं तर सोबत आरटीएक्स ५०६० सारखं कार्ड हवं, आणि सगळी बचत तिथेच आटोपते. आय५-१२४०० मध्ये ती सोय आतच येते.

इथे मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अण्णांना परस्पर कोटेशन दिलं होतं, त्यात प्रोसेसर होता आय५-१२४००एफ. दोनेक हजारांनी स्वस्त. "एफ" म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. ज्या कारणासाठी इंटेल घ्यायचा तेच त्यात नाही. व्यापाऱ्याचं चुकलं असं नाही. "वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे" एवढंच त्याला सांगितलेलं, आणि त्या माहितीवर त्याने बरोबर माल सुचवला.

वरचा आय५-१४५०० पण पाहिला. त्यात यूएचडी ७७० ग्राफिक्स येतं, ज्यात व्हिडिओची दोन इंजिनं असतात; १२४०० च्या यूएचडी ७३० मध्ये एकच. दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम चालवताना तो फरक जाणवला असता. पण किंमत जवळजवळ दुप्पट, शिवाय माल हातात नव्हता. जत्रेला थांबता येत नाही.

एच६१० की बी७६०

निर्णयाचा खरा गाभा इथे होता, कारण एलजीए १७०० च्या चिपसेटांपैकी अण्णांच्या मनात स्वस्तातला एच६१० बसला होता. चार हजार रुपये वाचत होते, आणि "चिपसेट काय, मशीन चालल्याशी मतलब" हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. बँकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मशीनला एच६१० च घ्यावा, वर एक पैसा घालू नये.

पण आधीच्या मशीनचं दुखणं चिपसेटचंच होतं. एच३१० मधून निघणाऱ्या लेन पीसीआयई २.० च्या होत्या. त्यामुळे सेकंदाला तीन हजार एमबीच्या पुढे धावणारी एनव्हीएमई त्या बोर्डावर सोळाशे-सतराशेच्या वर जात नव्हती. सात वर्षं अण्णांनी पूर्ण वेगाच्या ड्राइव्हचे पैसे देऊन अर्धा वेग वापरला. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही.

एच६१० मध्ये तीच गोष्ट एक पायरी वर सरकलेली आहे. एलजीए १७०० च्या प्रोसेसरमधून एम.२ साठी चार लेनची स्वतंत्र पीसीआयई ४.० वाट निघते, आणि एच६१० ती वाट वापरूच देत नाही. त्याचा एम.२ चिपसेटवरून, पीसीआयई ३.० ने चालतो, आणि बहुतेक बोर्डांवर तो एकच असतो. आम्हाला दोन हवे होते: एक विंडोजचा, दुसरा चालू कामाचा. एच६१० वर दुसरा बसवायचा तर स्लॉटमध्ये कार्ड घालून जुगाड करावा लागला असता.

त्याहून मोठा मुद्दा रॅमच्या खाचांचा. एच६१० वर दोनच स्लॉट. पुतणीला ३२ जीबी हवी होती. दोन स्लॉट ८-८ ने भरलेले असताना ३२ करायची म्हणजे त्या दोन्ही काढून १६-१६ च्या नव्या घ्यायच्या. डीडीआर४ सुद्धा दिवाळीआधीच्या दुप्पट झालेली. म्हणजे बोर्डात वाचवलेले चार हजार रॅममध्ये जाणार, वर आणखी तेवढेच. चार स्लॉटांच्या बोर्डावर मात्र असलेली रॅम तशीच ठेवून ८-८ च्या दोन स्टिक वाढवता येतात, आणि तशा स्टिका वापरलेल्या बाजारात मिळतात. ओरोसच्या एका ओळखीच्याने ऑफिसची जुनी मशीनं मोडीत काढली होती. त्यातून २६६६ च्याच दोन काढल्या. संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांवर आमच्या खाऱ्या हवेची नेहमीची राखाडी झाक होती. पांढऱ्या खोडरबरने पुसली, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, आणि चारही स्टिका लावून पुन्हा रात्रभर मेमटेस्ट. वेगवेगळ्या कंपन्यांची रॅम मिसळताना ही चाचणी टाळू नये. गडबड असली तर मशीन बंद पडत नाही, निर्यात केलेल्या व्हिडिओत मधेच एखादी फ्रेम फाटते, आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

मग बी६६० की बी७६०? इथे फारसं अडायचं नाही. बी७६० मध्ये चिपसेटच्या दहा लेन ४.० च्या आणि चार ३.० च्या, बी६६० मध्ये सहा आणि आठ. एकूण चौदाच. दोन एम.२ आणि चार साटा एवढीच गरज असताना दोन्ही सारखेच. चांगल्या बांधणीचा बी६६० हलक्या बी७६० पेक्षा केव्हाही घ्यावा. झेड७९० चा विचारच केला नाही. के अक्षराचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा नसेल तर ते पैसे शोभेचे.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांत व्होल्टेज चढून मशीन अस्थिर होण्याची जी भानगड २०२४ साली गाजली, तिची पुतणीला धास्ती होती. बारावी पिढी त्यात नव्हती. तरी पुढे प्रोसेसर बदलला तर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) नवं हवं. इंटेलने त्या दोषावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीच्या दुरुस्त्या) २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिले आणि ते बायोसमधूनच येतात.

एकाच नावाचे दोन बोर्ड

चिपसेट ठरला म्हणजे बोर्ड ठरला असं नाही. बी७६० नावाखाली आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंतचे बोर्ड आहेत, आणि फरक आहे तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात, म्हणजे व्हीआरएममध्ये. १२४०० नावाला ६५ वॅटचा असला तरी जोर लागला की ११७ वॅटपर्यंत जातो, आणि व्हिडिओ निर्यात करताना जोर बराच वेळ लागतो. अण्णांच्या खोलीत एसी नाही. एप्रिलमधल्या दुपारी, हवेत पाणी भरलेलं असताना, व्हीआरएमवर धातूचं कवच नसलेला बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग स्वतःहून उतरवतो. म्हणून अट घातली: प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या, दोन्ही बाजूंच्या मॉसफेटवर (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या चिपा) हीटसिंक हवंच. या एका अटीने स्वस्तातले निम्मे बोर्ड गळाले.

मागवताना एक घोटाळा थोडक्यात टळला. मी मॉडेल सांगितलं, व्यापाऱ्याने भाव सांगितला, भाव चांगला होता. बिलाच्या मसुद्यात मात्र नावाच्या शेवटी "डी४" नव्हतं. या बोर्डांची नावं शेवटची दोन अक्षरं सोडून तंतोतंत सारखी असतात. "डी४" असेल तर डीडीआर४, नसेल तर डीडीआर५. खोक्यावरचं चित्रही सारखंच. फोन केला तेव्हा कळलं की डीडीआर४ चा तुकडा संपलाय आणि "तोच बोर्ड आहे हो साहेब, नवीन रॅमचा" म्हणून तो दुसरा पाठवत होता. डीडीआर४ ची काठी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. बोर्ड इथवर आला असता आणि परत गेला असता, आणि मधले आठ दिवस गेले असते.

दुसऱ्या दुकानात तोच बोर्ड "डी४" सह मिळाला, साडेदहा हजारांना. पहिल्या भावापेक्षा सातशे जास्त. प्रोसेसर तेरा हजार. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल सुटलं आणि सकाळी कुडाळला हायवेवर उतरलं.

खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवलं. इंटेलच्या या बोर्डांवर पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, सतराशे. एखादी वाकलेली असली तर वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं. मोबाइलचा कॅमेरा सॉकेटवर तिरका धरून टॉर्चचा उजेड आडवा टाकला की सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकतात; वाकलेली पिन त्या ओळीत काळी दिसते. सगळ्या चमकल्या. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलं नाही, खोक्यात ठेवलं. वॉरंटीसाठी बोर्ड पाठवायची वेळ आली तर त्या झाकणाशिवाय घेत नाहीत, आणि आमच्या जिल्ह्यातून बोर्ड पाठवायचा म्हणजे कोल्हापूर किंवा त्याहून लांब.

जुळवणीनंतर

मशीन जुळल्यावर टाइमलाइन पहिल्यासारखीच अडखळली. अण्णांचा चेहरा पडला. कारण बायोसमध्ये होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतो. बायोसमध्ये "आयजीपीयू मल्टी-मॉनिटर" नावाची ओळ असते, ती चालू केली, इंटेलचा ड्रायव्हर घातला, आणि प्रीमिअरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर खूण केली. त्यानंतर दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइली प्रॉक्सीशिवाय चालल्या. दोन्ही चित्रं एकत्र लावून भराभर मागेपुढे केलं की अजून थोडी कुरकुरतात. तिथे १४५०० असता तर बरं झालं असतं. पुतणीने प्रॉक्सी बनवणं सोडून दिलंय.

चारही स्टिक २६६६ वर चालतात. १२४०० ला ३२०० चालते, पण त्यासाठी जुन्या रॅमला ताणण्यात अर्थ नव्हता. बोर्ड बदलल्यामुळे विंडोजचं ॲक्टिव्हेशन गेलं. परवाना रिटेल होता आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेला होता म्हणून ट्रबलशूटरमधून परत मिळाला. तयार मशीनसोबत येणारा ओईएम परवाना असता तर तो मेलेल्या बोर्डाबरोबरच गेला असता. हा खर्च कोटेशनमध्ये कुणीच धरत नाही.

बोर्ड, प्रोसेसर, वापरलेली रॅम आणि वाहतूक मिळून खर्च अठ्ठावीस हजारांच्या आत बसला. त्याच दिवसाच्या भावाने एएम५ आणि ३२ जीबी डीडीआर५ धरलं असतं तर पन्नास हजारांच्या आसपास गेलं असतं, आणि ४:२:२ चा प्रश्न तसाच राहिला असता. या निवडीची उणी बाजूही अण्णांना आधीच सांगितली होती: एलजीए १७०० हे मागच्या पिढीचं सॉकेट. वाढायची जागा १४५०० किंवा त्या ओळीतल्या वापरलेल्या प्रोसेसरापर्यंतच. रॅमचे भाव उतरेपर्यंत तेवढ्यावर निभेल असा माझा अंदाज.

राहता राहिला वीज पडण्याचा प्रश्न, कारण नवा बोर्ड त्याच केबलला जोडला असता तर पुढच्या परतीच्या पावसात पुन्हा हेच. वायरमनने मीटर लावून पाहिलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये वीसच्या आसपास व्होल्ट दिसत होते. ते एक-दोनच्या वर असू नयेत. घर जांभ्यावर. जांभा सुकला की वीज जमिनीत शिरायला नाखूश असते, आणि अर्थिंगचा खड्डा घराच्या कोरड्या बाजूला, पागोळीचं पाणी न पोचणाऱ्या जागी होता. नवा खड्डा विहिरीजवळ, परसातल्या केळींच्या ओलीत घेतला, आणि मीटरच्या बोर्डात सर्ज थांबवणारं एसपीडी बसवलं. केबलवाल्याने बरीच कुरकुर करून खांबापासून घरापर्यंत फायबर ओढून दिली. काचेच्या तंतूतून दाब येत नाही. राउटर आणि मशीन यांच्यामध्ये आता दोन मीटरची लॅन केबल आहे, आणि ढग दिसले की ती उपटायची सवय पुतणीने लावून घेतली आहे.

आय५-८४०० अजून माझ्या कपाटात आहे. अण्णांच्या मेहुण्याला काजूच्या फॅक्टरीत बिलांसाठी मशीन हवंय. त्याला ३०० मालिकेचा वापरलेला बोर्ड मिळाला तर तो प्रोसेसर तिकडे जाईल. तिथे लॅनचा पोर्ट चालला नाही तरी चालेल, म्हणून कोल्हापुरात तसाच एक अर्धवट बोर्ड बघून ठेवलाय.